तागावरची नाव

फणसापाशी कुंपण हातभर आपल्या बाजूला सरकलंय, असं क्षीरोदाचं म्हणणं होतं. तोराब म्हणत होता, ते अर्धा हात त्याच्याच अंगणात घुसलंय. खरं म्हणजे कुंपण जागेवर नव्हतंच. तागाच्या काड्यांचं ते कुंपण दर पावसाळ्यात कुजून आडवं व्हायचं, आणि नवा ताग सोलून काड्या हाती येईपर्यंत क्षीरोदाचं आणि तोराबचं अंगण एकच होऊन बसायचं. तेवढ्या दिवसांत फणस कुणाचा, यावर दोघं मनसोक्त भांडून घेत. क्षीरोदाचा नवरा होता तेव्हा तो भांडायचा. तो गेला, तशी तिनं शेत, बैल आणि भांडण अशी तिन्ही कामं एकटीनं अंगावर घेतली होती.

“औंदा माझा ताग आधी निघंल वैनी. कुंपण मीच घालनार,” तोराब म्हणाला.

“घाला की भावजी. पन दोरी मी धरीन. तुमचा डोळा फनसाकडंच वाकडा हुतो.”

तोराबला उत्तर सुचलं होतं, पण रोजे चालू होते आणि दुपारपर्यंत तोंड कोरडं पडलेलं. उत्तर त्यानं संध्याकाळवर टाकलं.

संध्याकाळी भलतीच बातमी आली. गोरा साहेब निघाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाताना मुलूख कुठं कापून जातो, तेवढं कळायचं होतं. गावांचा कारभार पाहणाऱ्या युनियन बोर्डाचा अध्यक्ष नटवर सरकार यानं शाळेपुढं बांबू रोवून चांदताऱ्याचं हिरवं निशाण चढवलं आणि सांगितलं, की आपला सगळा नदिया जिल्हा पाकिस्तानात गेला. मग तो हिंदूंच्या आळीत आला. वाट मोकळी आहे तोवर ज्याला जायचं त्यानं जावं, असं त्यानं फार मायेनं सुचवलं. पाण्यात कुजत घातलेल्या तागाची काळजी करू नका, तो मी सांभाळतो, असंही म्हणाला. सहा घरांनी त्याच रात्री बोचकी बांधली आणि गाव सोडलं.

क्षीरोदानंही बोचकी बांधली. नदीपार कालन्याला तिचा भाऊ होता. त्याच्या बायकोचा स्वभाव आठवून तिनं एकदा बोचकं सोडलंही, पण एकट्या बाईनं राहायचं तरी कुणाच्या भरवशावर? पितळी घागर, गोधड्या, नवऱ्याचा कोयता असं सगळं बांधून शुक्रवारी सकाळी ती घाटावर गेली, तर खुंटाला दोरी होती आणि तिची नाव नव्हती.

नाव सापडायला वेळ लागला नाही. ओढ्याच्या वळणावर तोराब कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या तागाच्या पेंढ्यांवर क्षीरोदाची नाव आडवी पडली होती. काठोकाठ चिखलानं भरलेली, नुसतं टोक तेवढं पाण्याबाहेर, आणि दोन्ही अंगांना मेखा ठोकून बांधलेली.

“ह्ये काय केलं भावजी?”

“ताग वर यायला लागला वैनी, दाबायला वजन पायजे. केळीचं खुंट कमी पडलं. म्हनलं, तुमची नाव रिकामीच हाय.”

“रिकामी? मला आज निघायचंय.”

“मंग काढतो की,” तोराब गंभीर तोंडानं म्हणाला. “पन वजन हाललं तर पेंढ्या वर येतील. अर्धाकच्चा ताग उनात आला की सालीचं लाकूड हुतं. तुमी म्हना, आत्ता काढतो.”

हेच तर तिला म्हणता येईना. भिजत घातलेला ताग दिवस भरल्याशिवाय हलवायचा नाही, हे त्या गावातलं रांगतं पोरही सांगेल. शेजाऱ्याचं डोकं फोड म्हटलं असतं तर क्षीरोदानं विचार केला असता. पण हाती आलेलं पीक नास म्हणायला तिची जीभ उचलेना.

“किती दिस?”

“सात-आठ.”

तिनं त्याला काठावरून भरपूर शिव्या दिल्या. घरी परतताना तोराबच्या परसाशी ती थबकली. केळीचं बेट जसंच्या तसं उभं होतं, एका खुंटाला विळा लागलेला नव्हता. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. बोचक्यातली घागर तिनं काढली आणि चुलीवर भात चढवला.

सोमवारी ईद होती. तोराब नवी लुंगी नेसून नमाजाला निघत होता, तेवढ्यात नटवर सरकार धापा टाकत आला. कागदावरची रेघ चुकली होती म्हणे. नदिया हिंदुस्थानातच राहिला, पलीकडचा मेहेरपूरचा भाग तेवढा तिकडं गेला. शाळेपुढचा बांबू तोच होता, त्यावर आता तिरंगा चढला होता, आणि नटवरच्या तोंडातली मायाही तीच होती. वाट मोकळी आहे तोवर जाऊन घ्या, तागाची काळजी करू नका. फक्त आळी बदलली होती.

मेहेरपुरात तोराबची सासुरवाडी होती. कुंपण नसल्यामुळं क्षीरोदाला त्याचं बोलणं नीट ऐकू आलं. तो सखिनाला, आपल्या बायकोला, सांगत होता की सामान बांध, नमाज पढून आलो की निघू. त्याचा आवाज सणासुदीचा नव्हता. क्षीरोदानं समोरच्या अर्ध्या अंगणाकडं पाहिलं. उद्यापासून तिथं कुणी नसेल, आपण फणसावर हक्क सांगू आणि नाही म्हणायला कुणी येणार नाही, हे मनात आलं आणि तिचा जीव गलबलला. कालन्याला निघताना तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पुरुष ईदगाहकडं वळले, तशी ती पदर खोचून घाटावर गेली. तोराबची नाव तिच्या नावेच्या दीडपट होती. कशीबशी ओढत तिनं ती आपल्या तागावर आणली आणि टोपलीनं चिखल भरू लागली. चार टोपल्यांत दम लागला. मान वर केली तर काठावर सखिना उभी होती, ईदची कोरी साडी नेसून.

क्षीरोदाच्या हातातली टोपली तिथंच राहिली.

सखिनानं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरली. “टोपली भरून ओढू नगा वैनी. पयल्यांदा पानी घ्या, मंग चिखल. त्या दिशी तुमच्या नावंला आमी उलटं केलं न् माझी कंबर धरली.”

“म्हंजी तू बी हुतीस?”

“मीच सांगितलं त्यांना. ते नुसतं बसून उसासं टाकीत व्हते.” मग चिखल उपसता उपसता ती म्हणाली, “मेहेरपुरात माझ्या भावजया हायेत. चौघी. तुमी एकल्याच बऱ्या.”

तोराब परतला तेव्हा क्षीरोदा काठावर पाय धूत होती. त्यानं नाव पाहिली, मेखा पाहिल्या.

“केळीचं खुंट कमी पडलं भावजी,” क्षीरोदा म्हणाली. “माझा ताग तर कालपरवाचा. धा-बारा दिस तरी लागतील. तुमी म्हनत असाल तर काढते.”

तोराबनं बायकोच्या साडीचा चिखलानं भरलेला काठ पाहिला आणि लुंगी सावरून काठावर बसला.

“शेवया हायेत का घरात?” त्यानं विचारलं.

होत्या. सखिनानं दर ईदेसारख्या कोरड्या शेवया, दूध आणि साखर क्षीरोदाकडं पोचवली. विधवेच्या चुलीला दुसऱ्याचं शिजलेलं चालत नसे, म्हणून क्षीरोदा आपल्या हातानं शिजवून खायची.

शुक्रवारी तोराबचा ताग तयार झाला. दोघी पाण्यात बसून सोलू लागल्या, आळीतल्या बायकाही आल्या. जी सोलेल तिला काड्या, एवढीच तिथं मजुरी. नटवर सरकारचा माणूस आपल्याकडचा ताग सोलायला बोलवायला आला, तेव्हा एकही बाई उठली नाही. सोडून गेलेल्यांच्या काड्यांनी आमची चूल नीट पेटत नाही, असं सखिनानं त्याला कळवलं. सांभाळायला घेतलेल्या सहा घरांच्या तागाचा पाण्यात लगदा झाला. महिनाभर अध्यक्षांच्या अंगणात नाक धरून जावं लागे.

पुढच्या आठवड्यात क्षीरोदाचा तागही निघाला आणि दोन्ही नावा वर आल्या, त्या काळ्याठिक्कर आणि उग्र घाणीच्या. आता निघायचं तर कुणाला अडवायला काही नव्हतं. पण नावांकडं कुणी फिरकलं नाही.

क्षीरोदानं वाट्याला आलेल्या काड्या आणल्या आणि तोराब शेतात असताना कुंपण घातलं. तो आला, फणसापाशी वाकला, बोटं पसरून मोजू लागला.

“हातभर आत आलंय वैनी.”

“आलंय. तुमची नाव बुडवली नसती तर फनसासकट सगळंच माझं झालं असतं. तुमाला ठिवून घ्येतलं, त्याचं हातभर मला नगं?”

तोराबनं मान डोलावली. हिशेब त्याला पटला होता. “आन् म्या तुमाला ठिवून घ्येतलं, त्याचं?”

क्षीरोदानं काड्या उपटल्या आणि हातभर मागं नेऊन पुन्हा रोवायला बसली. तोराबनं दोरीचं दुसरं टोक धरलं. कुंपण दर वर्षी जिथं असायचं तिथंच आलं.

फणस कुणाचा, ते मात्र राहिलंच.