उभ्या गाडीतली सीट

त्याने सीटमध्ये अंगठा रुतवला, काढला आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. लेदरचा खळगा सावकाश भरला. मग शेजारच्या गाडीचं दार उघडून त्याने कापडी सीटवर तेच केलं. तिथे अंगठा पुरता उचलायच्या आत खळगा नाहीसा झाला होता.

"भाऊजी, कणीक मुरली का बघताय?" मेहुणा मागून म्हणाला.

तो हसला. हसायची जागा आली की ओठ आपोआप ताणले जात होते, त्याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नव्हती.

"एकदाच घेताय ना? मग लेदर घ्या," मेहुणा म्हणाला. "बसल्यावर माणसाला वाटलं पाहिजे, आपण कुणीतरी आहोत."

"तुला कशावर बसून वाटतं रे तसं?" बायकोने विचारलं.

"मला बसायला मिळतं कुठे, ताई? दुकानात दहा तास उभा. म्हणून तर असा राहिलो."

मेहुणा औषधांच्या दुकानात काउंटरवर होता आणि गाड्यांमधलं आपल्याला कळतं असं त्याला वाटे. आज शनिवारी दुकानातून सुट्टी काढून तो मुद्दाम बरोबर आला होता.

शोरूमच्या बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, हातात फॉर्म. गिऱ्हाइकाला सीट दाबून बघू द्यावी, मध्ये बोलू नये, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "फक्त दोन वाजता आमची यादी कारखान्यात जाते. एवढी एक सीटचीच खूण राहिलीय तुमची. यादी गेली की मग बदल नाही आणि बुकिंगचे पैसेही परत मिळत नाहीत."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

गाडी सात महिन्यांपूर्वी बुक केली होती, तेव्हा तो पाइपांचे सांधे बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होता. एकोणीस वर्षं होता. अकरा आठवड्यांपूर्वी कंपनीने सगळ्या कारखान्यांचे नकाशे एकाच शहरातल्या एकाच कचेरीत काढायचं ठरवलं आणि त्याच्या हातात एक पत्र आणि तीन महिन्यांचा पगार ठेवला. त्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला घरी गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला निघाला. सांगायचं राहून गेलं म्हणावं तर तसं नव्हतं, आणि लपवायचं ठरवलं म्हणावं तर तसंही नव्हतं. दर एक तारखेला तो त्या पैशांतून पगाराएवढी रक्कम घरच्या खात्यात टाकत आला होता. तिसरी नुकतीच टाकली. पुढच्या एक तारखेला टाकायला काही नव्हतं.

आणि बायकोने या गाडीसाठी आपली नऊ वर्षांची ठेव मोडायची तयारी केली होती. उरलेले हप्ते त्याच्या पगारातून जायचे होते.

येताना त्याने तीन वाक्यं तयार केली होती. जुनी गाडी अजून दोन वर्षं सहज जाईल. यंदा नको, पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय. आपल्या दोघांना एवढी मोठी गाडी कशाला? तिन्ही वाक्यं चांगली होती. पण प्रत्येकाच्या पाठोपाठ बायको 'का?' विचारणार होती, आणि त्या 'का'पुढचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. या वेळी छातीत धडधडायला हवं होतं. त्याने लक्ष देऊन पाहिलं. दाढ काढण्याआधी दंतवैद्य सुई देतो आणि मग गाल आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो, तसं गळ्यापासून खाली सगळं होतं.

"बसून बघा ना," बाई म्हणाल्या.

तो लेदरच्या सीटवर बसला. हाताने दांडी शोधून सीट दोन खाचा मागे सरकवली. पाठ एक खाच आडवी केली. स्टिअरिंगला हात लावला नाही, दोन्ही पंजे मांड्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिला. बायको उघड्या दाराशी उभी होती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"यावर पाठीला घाम येतो का?" त्याने विचारलं. "म्हणजे चारेक तासांनी?"

"एसी असतो ना सर."

"एसी बंद असेल तर?"

"बंद कशाला ठेवायचा?" बाईंना खरंच कळलं नाही.

"असंच विचारतो." त्याने उजवी मांडी थोडी उचलली. "इथे शिवण आहे. गुडघ्यापासून पंधरा सेंटीमीटरवर. तासाभरात कळणार नाही, पण तीन तासांनी टोचेल."

"सलग तीन तास कुठे जाताय भाऊजी?" मेहुणा म्हणाला. "ऑफिस वीस मिनिटांवर. तेवढ्यात शिवण टोचायची तर तिला फार घाई करावी लागेल."

बाई हसल्या. तो उतरला आणि शेजारच्या गाडीतल्या कापडी सीटवर जाऊन तसाच बसला. दोन खाचा मागे, एक खाच आडवी, पंजे मांड्यांवर. या सीटला मानेजवळचा उंचवटा जास्त होता. डुलकी लागली तर मान पुढे ढकलली जाईल, हे त्याला बसताक्षणी कळलं. सीटबद्दल त्याला आता कुणीही काहीही विचारावं, तो अचूक सांगू शकला असता. नकाशे काढतानाही त्याचं असंच होतं, म्हणून तर कंपनीत नव्या लोकांना आधी त्याच्याकडे पाठवत.

"झालं का बसून?" बायको म्हणाली. "चला, टेबलाशी बसू."

चौघे टेबलाभोवती बसले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म मधोमध ठेवला. सीटच्या ओळीत दोन चौकोन होते. लेदरच्या चौकोनापुढे जादा रक्कम छापलेली होती. बायकोच्या दीड पगाराएवढी ती होती, हे त्याने मनात मोजलं आणि मग मोजल्याचं काही वाटलं नाही.

"खरं सांगू का," बाई म्हणाल्या, "मला लेदर विकलं तर चार पैसे जास्त मिळतात, तरी मी सगळ्यांना घ्या म्हणत नाही. वापरावर आहे ते. पुसायला सोपं, दिसायला छान. पण बसायच्या भागालाच खरं लेदर असतं, बाजूंना रेक्झिनच. तुमचा रोजचा वापर किती? गाडीत रोज किती वेळ असता?"

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "जाऊन येऊन."

बाईंनी चाळीस लिहिलं.

"नाही," बायको म्हणाली. "नऊ तास."

बाईंचं पेन थांबलं. मेहुणा हसत पुढे झुकला.

"नऊ तास? टॅक्सी लावताय की काय भाऊजी?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती बाईंशीच बोलत होती, एखाद्या दुकानात पडद्याचं माप सांगावं तशी. "साडेनऊ ते साडेसहा. गाडी उभी असते. इंजिन बंद, एसी बंद. एक काच चार बोटं खाली. पोहण्याच्या तलावामागे मोकळी जागा आहे, तिथे. पाण्याच्या टाकीची सावली असते, पण तीनला ती जाते. मग ऊन थेट सीटवर."

शोरूमच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एका गाडीचं दार लावून बघत होतं. उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं.

"सव्वातीनला," तो म्हणाला.

"सव्वातीनला," बायको म्हणाली.

 मेहुण्याने टेबलावरचं रंगांचं कार्ड उचललं आणि ते वाचायला लागला. वाचून झाल्यावर पालथं करून मागची बाजूही वाचली.

बाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. विचारल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना सवय होती. "उभ्या गाडीत असेल तर कापड," त्या हळू म्हणाल्या. "लेदर तापतं." मग पेन खाली ठेवून त्या उठल्या. "मी पाणी आणते."

त्या गेल्यावर तो म्हणाला, "किती वेळा आलीस?"

"तीनदा."

"कधी?"

"पहिल्यांदा आले ती तुमच्यासाठी नाही. तलावासमोरच्या इमारतीत एका आजोबांचं रक्त घ्यायला आले होते, लॅबकडून. चौथ्या मजल्यावर. नळी भरेपर्यंत सहज खिडकीबाहेर बघितलं, तर आपली गाडी. वाटलं, तसलीच दुसरी कुणाची तरी असेल. मग मागच्या बंपरवरचा पोचा दिसला."

"मग?"

"मग आजोबांच्या हाताला कापूस लावला."

त्याने मान हलवली.

"दुसऱ्यांदा खाली आले होते, गाडीपर्यंत," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होतात. तोंड उघडं होतं. काचेवर टकटक करणार होते."

"केली नाहीस."

"माझी जेवणाची सुट्टी संपली."

त्याने आपल्या आत लाज शोधली. ती तिथेच कुठेतरी असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण हाताला लागली ती फक्त खुर्चीची कड, धातूची, गार. शोरूममधली खुर्ची बेचाळीस सेंटीमीटर उंच होती, त्याच्या पायांना थोडी कमी.

"मी बोलणार होतो," तो म्हणाला.

"मला रोज वाटायचं, आज बोलाल. आज सकाळी अंघोळ करून आलात तेव्हा वाटलं. येताना सिग्नलला थांबलो तेव्हा वाटलं. तुम्ही म्हणालात, तो सिग्नल बदलायला हल्ली फार वेळ लावतो." तिने पर्सची चेन लावली, उघडली, लावली. "मग इथे आल्यावर तुम्ही सीट मागे सरकवलीत. मला वाटलं, आता हा माणूस लेदर की कापड तेवढं ठरवणार आणि माझी ठेव मोडून घरी जाणार. बोलायचा नाही."

ती त्याला 'हा माणूस' म्हणाली होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला ते ऐकू आलं, आणि गालातली सुई उतरायला लागते तेव्हा होतं तसं काहीतरी बारीक, बोचरं, एका जागी झालं.

बाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. दोन वाजायला बारा मिनिटं होती.

"गाडी नको," तो म्हणाला.

"सीट कुठली ते नाही, गाडीच?"

"गाडीच."

बाईंनी चष्मा नीट केला. खणातून दुसरा फॉर्म काढला, पहिल्यावर ठेवला. "दोनच्या आत आहे, त्यामुळे कापून घ्यायचा प्रश्न नाही. बुकिंगचे पैसे आठवड्यात जमा होतील. इथे कारण लिहायचं." त्यांनी नखाने रकाना दाखवला. "वैयक्तिक लिहिलंत तरी चालतं. सगळे तेच लिहितात."

त्याने पेन घेतलं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, तो एकोणीस वर्षं लिहीत आला होता तशी सरळ, सुटी, एका उंचीची अक्षरं त्याने काढली. नोकरी गेली. मग थोडं थांबून तारीखही घातली, आजची नाही, ती गेली त्या दिवसाची.

बायकोने फॉर्म स्वतःकडे वळवला. लॅबमध्ये अहवाल सही करून सोडण्याआधी वाचायची, तसा तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. दोन शब्दांच्या त्या ओळीवर तिला वेळ लागला. मग तिने फॉर्म बाईंकडे सरकवला.

"तसं कापडच बरं होतं," मेहुणा कार्डाला म्हणाला.  तो उठून काचेपाशी जाऊन उभा राहिला.

बाई फॉर्मवर शिक्का मारायला आत गेल्या. टेबलाशी दोघंच उरली. पाण्याला कुणी हात लावला नव्हता.

"सोमवारी डबा भरायचा का?" बायकोने विचारलं.

त्याने विचार केला. सोमवारचे साडेआठ त्याला दिसले, त्यापुढे काही दिसलं नाही.

"भर," तो म्हणाला. "घरीच खाईन."

"घरीच खायचं तर डब्यात कशाला?"

गेल्या अकरा आठवड्यांत त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असे. मीटिंग लांबली. साहेब रजेवर होते. नवं मशीन आलंय. तो उत्तर शोधत राहिला आणि ती, पहिल्यांदाच, थांबून राहिली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि पाण्याचा एक पेला त्याच्याकडे सरकवला.