जिजाबाईंच्या हिरव्या बांगड्या

शनिवारी सकाळी सुशील भोयर गॅलरीत चहा पीत बसला होता, तेवढ्यात उमरेडहून काकांचा फोन आला. मधुकरराव म्हणजे त्याच्या वारलेल्या वडिलांचे, गोपाळरावांचे, थोरले भाऊ. एरवी ते आधी सगळ्यांची खुशाली विचारायचे, मग थंडीची चौकशी करायचे. आज त्यांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला.

"सुशील, तुह्या मायचा फोटो पाह्यला का तू?"

"कुठला फोटो, काका?"

"घ्या! सारं उमरेड पाहून राह्यलं आन् पोराले पत्ता नाई. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आन् बंगईवर एका माणसाच्या बाजूले बसून हासून राह्यली. काहून गा, लगीन लावून देल्लं का तुमी तिचं?"

सुशीलने 'पाहतो' म्हटलं. फोन ठेवून त्याने मोबाइलवर टाऊनशिपचा ग्रुप उघडला. फोटो तिथेच होता. नाटकाच्या तालमीत कुणीतरी काढलेला. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, आई खरोखरच हसत होती, आणि शेजारी सी विंगमधले बापूजी, निवृत्त पोस्टमास्तर, छाती फुगवून बसले होते.

बेसा रस्त्यावरच्या पळसबन टाऊनशिपमध्ये बिल्डरने एक सभागृह बांधून दिलं होतं. तीन-चार वर्षं त्यात एक मोडकं टेबल-टेनिसचं टेबल आणि वाढदिवसांच्या उरलेल्या पताका एवढंच होतं. मग नागसेन सर राहायला आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले हे गृहस्थ तिथल्या कामगार वसाहतीत तीस वर्षं नाटकं बसवत होते. त्यांनी लोकांना गोळा केलं, फळ्या जोडून मंच बांधला, शिवणकाम करणाऱ्या रीनाताईंनी जुन्या चादरींचा पडदा शिवला, आणि पळसबनला स्वतःचं नाट्यगृह मिळालं. दरवर्षी एक नाटक व्हायचं. नट टाऊनशिपचेच, प्रेक्षकही तिथलेच.

पडदा शिवताना रीनाताईंना हाताखाली कुणीतरी हवं होतं म्हणून सुशीलच्या आई जिजाबाई तिकडे गेल्या होत्या. पडदा झाला, तरी त्या जातच राहिल्या. यंदा त्या नाटकात आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला दोन वाक्यांचं काम असेल, असं सुशीलने गृहीत धरलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला. जिजाबाई मेथी निवडत होत्या.

"आई, हे काय आहे?"

जिजाबाईंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. "हे? नाटकातलं हाये. मी बायको हाये आन् बापूजी नवरा हायेत. चांगला आला ना फोटो?"

"तुला दुसरं काम नव्हतं का? शेजारणीचं, आजीचं?"

"सरायनं हे देल्लं. मी घेतलं."

"बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आई. तू कुंकू लावून परक्या माणसाशेजारी बसतेस, लोक बोलणार नाहीत का? काकांचा फोन येऊन गेला. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाचं लग्न आहे. मला तिथे जायचं आहे, चार माणसांत उभं राहायचं आहे."

मेथीवरचा हात थांबला. क्षणभरच. मग जिजाबाई म्हणाल्या, "बरं. सोडून देईन मी. पण सरायले तूच सांग बाबू. मले नाई सांगता येणार."

आणि त्या पुन्हा पानं खुडू लागल्या.

सुशीलला हलकं वाटलं. पण त्याची बायको कामिनी दारात उभी राहून हे ऐकत होती. तो बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्या इतक्या पटकन 'बरं' म्हणाल्या, तेच मला आवडलं नाही."

"मी काही वाईट बोललो का?"

"वाईट नाही बोललास. पण त्यांना काय वाटतं, हे विचारलं का तू? मागच्या लग्नात हळदीच्या वेळी त्या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेव्हाही कुणीतरी मागे बसा म्हटलं आणि त्या 'बरं' म्हणाल्या. रोज संध्याकाळी तालमीवरून येतात ना, तेव्हा त्या आपल्या भैरवीशी अर्धा तास बोलत असतात. पोरीला आजीची सगळी वाक्यं पाठ आहेत. तुला एक तरी माहीत आहे?"

सुशील टॉवेल उचलून आंघोळीला गेला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो सभागृहात पोचला. नागसेन सर मंचावर खडूने खुणा करत होते. त्याने शक्य तितक्या नम्रपणे सगळं सांगितलं. आई काम करू शकणार नाही, नातेवाईक नाराज आहेत, तुम्ही समजून घ्याल.

सरांनी हात झटकले आणि मंचाच्या कडेला बसले. "बसा. एक गोष्ट सांगतो. खापरखेड्याच्या कॉलनीत मी एकदा नाटकात मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, काम केलं. माझा बाप आमच्या गावच्या मालगुजाराच्या वावरात राबला होता. त्या वाड्याच्या पायरीवर आम्हाला बसू देत नव्हते. आणि मी मंचावर मालगुजाराच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलो. माझा बाप पहिल्या रांगेत होता. घरी गेल्यावर म्हणाला, 'खुर्ची तं लाकडाचीच होती ना रे?' तो काय म्हणत होता, ते मला त्या दिवशी समजलं. कुणी कुठे बसायचं, हे आपण वरून ठरून आलेलं समजतो. ठरवलेलं असतं ते माणसांनीच."

"पण सर, हे वेगळं आहे. हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"घरचाच आहे. परवा तालमीत आपल्या टाऊनशिपमधल्या करिष्माने नर्स होऊन बापूजींना इंजेक्शन दिलं. कुणी म्हटलं नाही की ही नर्स नसताना हिने इंजेक्शन कसं दिलं. मग तुमच्या आईचंच कुंकू तेवढं खरं कसं झालं? राग नका मानू, सुशीलराव. मला वाटतं, तुमचा आक्षेप नाटकातल्या कुंकवाला नाही. आई हसते आहे, आणि ते हसणं तुम्हाला विचारून आलेलं नाही, याची तुम्हाला सवय नाही."

सुशीलला हे झोंबलं. "बोलायला सोपं आहे, सर. नातेवाइकांना तोंड मला द्यावं लागतं."

"तेही खरं आहे," सर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा खडू उचलला.

तेवढ्यात जिजाबाई आल्या. हातात संवादांची वही आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. दोन्ही वस्तू त्यांनी रीनाताईंसमोर ठेवल्या. रीनाताईंनी त्या उचलल्या नाहीत.

"सर," जिजाबाई म्हणाल्या, "बंगईवरचा तो सीन एकडाव करून पाहू का? मंग जातो आमी."

"करू की. पण बापूजींचं कालच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते आठवडाभर येणार नाहीत." सरांनी वही उचलून सुशीलपुढे धरली. "तुम्ही वाचा त्यांची वाक्यं. नुसती वाचा, अभिनय करू नका."

नाही म्हणणं अवघड झालं. सुशील मंचावर चढला. रीनाताईंनी जिजाबाईंच्या हातात बांगड्या भरल्या. मायलेक बंगईवर शेजारी बसले. प्रसंग साधा होता. म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको, आधी कोण जाणार यावर भांडत आहेत.

सुशीलने वहीतलं वाक्य वाचलं. "मी पह्यले गेलो तं तू काय करशील वं?"

"रडीन," जिजाबाई म्हणाल्या. "दोन दिवस रडीन. मंग भूक लागंन तं जेवीन."

"दोनच दिवस?"

"तिसऱ्या दिवशी झोपीन. चाळीस वर्सं तुमी घोरून राह्यले, मले झोप नको का?"

खाली बसलेली चार-पाच माणसं हसली. सुशीललाही हसू आलं. आईचा हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. ठसठशीत, जरा खट्याळ. मग तो आवाज उतरला.

"पण एक सांगून ठेवते. ह्या बांगड्या मी काढणार नाई. मी एवढीशी होती, तवा माह्या बापानं मांढळच्या बाजारातून मले पह्यल्या बांगड्या आणल्या. मायनं कपाळाले कुंकू लावून देल्लं. तवा तुमी कोन, कुठले, मले मालूम बी नव्हतं. जे तुमच्यासंगं आलं नाई, ते तुमच्यासंगं काहून जाईन?"

पुढचं वाक्य नवऱ्याचं होतं. सुशीलने वहीत पाहिलं. 'नको काढू. मी साऱ्यायले सांगून ठेवीन, हिच्या हाताले कोनी हात लावाचा नाई.'

पण ते वाचण्याआधीच त्याला उमरेडचं घर दिसलं. वडिलांचा दहावा. मागच्या अंगणात बायकांनी आईला मधे बसवलं होतं, कुणीतरी तिचा हात दगडावर धरला होता. तो दारातच उभा होता. आईने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं. हा बायकांचा विषय, ही रीतच आहे, असं मनाशी म्हणत त्याने नजर खाली घातली होती. मग काच फुटल्याचा आवाज आला होता.

वही सुशीलच्या हातात तशीच उघडी होती.

"वाच ना बाबू," जिजाबाई हळूच म्हणाल्या. "तुहं वाक्य हाये."

सुशीलने वाचलं. अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं. वही मिटून तो म्हणाला, "आई, त्या दिवशी मी दारातच होतो."

"मले मालूम हाये."

"मी काहीच बोललो नाही."

"तू बी लहानच होता गा."

"छत्तीस वर्षांचा होतो मी."

"बाप गेल्यावर माणूस लहानच होते," जिजाबाई म्हणाल्या आणि बांगड्यांचा हात त्याच्या पाठीवरून फिरवला.

मंचावरून उतरताना सुशीलने सरांना विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?"

"नाही. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना म्हटलं होतं, तुम्हाला कुणी कधी विचारलं नाही, ते सांगा. तुमच्या आईंनी हे सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं."

घरी परतताना वही जिजाबाईंच्या हातात होती. आई काम सोडते आहे, हा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी सुशीलने स्वतःहून उमरेडला फोन लावला. "काका, फोटो पाहिलात, आता नाटकच पाहायला या. मी पण तिथेच असेन. आईचं मुख्य काम आहे."

मधुकरराव बराच वेळ धुसफुसले. "लोकायले काय सांगू मी?"

"सांगा, सुशीलनं बोलावलं. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा म्हणावं."

पंधरा दिवसांनी प्रयोग झाला. खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक सतरंजीवर बसले. बापूजी ऑपरेशनचा काळा चष्मा लावूनच मंचावर आले आणि त्यावरही हशा मिळाला. मधुकरराव आणि काकू एसटीने आले होते. काका दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले. बंगईवरच्या भांडणात सगळे हसत असताना त्यांनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते. मग बांगड्यांचं वाक्य आलं. कुठेतरी मागे एक बाई हुंदका देऊन रडली. सुशीलने वळून पाहिलं, तर त्याच्या शेजारीच बसलेल्या काकूंनीही डोळ्यांना पदर लावला होता.

नाटक संपल्यावर काका जिजाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला. "घोरन्याचं खरं हाये. गोपाळ लय घोरे."

काकूंनी नवऱ्याला हाताने बाजूला सारलं. "जिजा, पुढच्या महिन्यात नवरदेवाले पह्यली हळद तूच लावशील वं."

मधुकररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंकडे पाहिलं. आणि मिटलं.

घरी आल्यावर कामिनीने रंग पुसायला खोबरेल तेल आणि कापूस आणून दिला. जिजाबाई आरशासमोर बसल्या. कापूस कपाळापर्यंत नेला आणि थांबल्या.

"पुसू का गा, सुशील?"

"मला कशाला विचारतेस? कपाळ तुझं आहे, आई."

जिजाबाईंनी आरशात स्वतःकडे जरा वेळ पाहिलं. मग कुंकू पुसून टाकलं. "हे रंगाचं कुंकू लय खाजवते," त्या म्हणाल्या. "बांगड्या मात्र राहू देते." आणि त्या उठून भैरवीसाठी दूध गरम करायला गेल्या.

मित्रहो, जिजाबाईंनी काय ठेवलं आणि काय पुसलं, याला फारसं महत्त्व नाही. ते त्यांनी ठरवलं, याला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अशी एक आई, काकू किंवा आत्या आहे, जी विचारण्याआधीच 'बरं' म्हणून मोकळी होते. तिच्या त्या होकारावर आपण खुशाल विसंबतो, आणि रीत चालू राहते. रीत चालवणारी माणसं थोडीच असतात. तिला जगवतो तो दारात उभा राहून खाली पाहणारा माणूस. सुशीलला हे कळायला पाच वर्षं आणि एक तालीम लागली. आपल्याला इतका वेळ लागू नये. आजच घरी जाऊन तिच्याजवळ दोन मिनिटं बसा, तिला काय हवं ते विचारा, आणि ती बोलू लागली की मधे बोलू नका.