पुन्हा जुळवलेला कॉम्प्युटर

ग्वाल्हेरच्या डॉक्टरीणबाईंनी नीरजला विचारलं की कुणी न सांगता, स्वतःच्या मनानं, आवडीचं असं शेवटचं काम त्यानं कधी केलं होतं. नीरज टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाला, "बारहवीं में. घर पे कंप्यूटर था."

शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील विद्याधर उपासनी बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि झाशीला परतताना गाडीभर ते तेच मनात घोळवत राहिले.

नीरज एक्केचाळीस वर्षांचा होता. नोएडाच्या एका कंपनीत सतरा वर्षं नोकरी केली, लग्न केलं, ते चार वर्षांत मोडलं. या वर्षी होळीनंतर एक दिवस तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरलाच नाही. संध्याकाळी वॉचमननं काचेवर टकटक केली तेव्हा स्टिअरिंग धरून बसलेला. तेव्हापासून तो झाशीच्या नगरा भागातल्या आईवडिलांच्या घरी होता. गोळ्या चालू होत्या. जेवायला बोलावलं की येई, ताटातलं संपवी आणि खोलीत जाई.

विद्याधर रेल्वेत पस्तीस वर्षं सिग्नल मेंटेनर होते. बिघाड कुठल्या तारेत, कुठल्या रिलेत आहे ते शोधायचं, तेवढंच बदलायचं, की गाडी पुढे निघते. यातच त्यांचा उभा जन्म गेला. मुलाच्या बाबतीत चार महिने त्यांना बिघाडच सापडत नव्हता. आता सापडला असं त्यांना वाटलं.

कॉम्प्युटर त्यांनीच विकला होता. २००२ च्या जानेवारीत. बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत, प्रीबोर्डात, नीरजला गणितात बेचाळीस मार्क पडले. तो दोन दिवस मामाकडे ग्वाल्हेरला गेला असताना विद्याधरांनी सिप्री बाजारातल्या एका ओळखीच्याला बोलावलं आणि मशीन, मॉनिटर, टेबलासकट देऊन टाकलं. नीरज परत आला, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, दप्तर खाली ठेवलं आणि हातपाय धुवायला गेला. भांडला नाही, रडला नाही. बोर्डात चौऱ्याऐंशी टक्के मिळाले. विद्याधरांनी तेव्हा पेढे वाटले होते.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातली फाईल काढली. प्रत्येक वस्तूचं बिल ते जपून ठेवत. पेंटियम थ्री, चौसष्ट एमबी रॅम, दहा जीबीची हार्ड डिस्क, पंधरा इंची मॉनिटर. सगळं बिलावर लिहिलेलं होतं.

"हे पुन्हा जमवायचं," ते सिंधूताईंना म्हणाले. "अगदी तसंच."

सिंधूताई गवार निवडत होत्या. "त्याला विचारलंत?"

"विचारून काय? समोर ठेवला की बघेल."

सिंधूताईंनी मान खाली घातली आणि पुन्हा गवार निवडू लागल्या.

पेन्शनीतून पाच हजारांवर जायचं नाही, असं विद्याधरांनी ठरवलं. लक्ष्मी गेटजवळ अशोक साहूचं भंगाराचं दुकान होतं. पन्नाशीचा, तोंडात सुपारी, बोलायला गोड. त्यानं बिल वाचलं आणि हसला. "बाबूजी, ये तो अब कबाड़ में भी नहीं आता. लोग कहते हैं पुराने गेम वाले आजकल ढूँढ़ते फिरते हैं. आप भी गेम खेलेंगे?"

"मेरा बेटा खेलेगा," विद्याधर म्हणाले.

अशोक हसायचा थांबला. आतल्या खोलीतून त्यानं एक पोतं ओढून आणलं. विद्याधर स्टुलावर बसून दोन तास त्यात हात घालत राहिले. कीबोर्ड निघाला, गोल पिनचा. एक ग्राफिक्स कार्ड मिळालं, धुळीनं मातीच्या ढेकळासारखं झालेलं. रॅमची एक पट्टी मिळाली. घरी नेल्यावर कळलं की ती नंतरच्या काळातली, खाचच जुळत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. अशोक आता त्यांच्यासाठी चहा मागवून ठेवू लागला.

मदरबोर्ड मात्र झाशीत मिळाला नाही. तो गरौठ्यात मार्तंडराव बक्षींकडे असेल, असं रेल्वेतल्या एका जुन्या मित्रानं सांगितलं. मार्तंडरावांनी पंचवीस वर्षांपूर्वी तिथे कॉम्प्युटर क्लास काढला होता. विद्याधर बसनं गेले. क्लासची खोली आता मटाराच्या बियाण्यानं भरलेली होती आणि पोत्यांच्या मागे आठ मशीनं भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"न्या की हवं ते," मार्तंडराव म्हणाले. त्यांचं घराणं दोनशे वर्षं बुंदेलखंडात होतं, तरी मराठी सोडलेली नव्हती. "आमच्या पोरांना ह्याचं अप्रूप नाही. पण उंदरांनी काय ठेवलंय ते बघून घ्या."

दोन मशीनं उघडून त्यांनी एक बरा बोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क आणि मॉनिटर घेतला. मार्तंडरावांनी पैसे घेतले नाहीत. मॉनिटर मांडीवर घेऊन विद्याधर अडीच तास बसमध्ये बसले. गुडघे बधिर झाले, पण कित्येक महिन्यांत ते इतके आनंदात नव्हते.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी काम मांडलं. बोर्डावरचे पाच कपॅसिटर फुगलेले होते. त्यांनी सोल्डरिंगची कांडी काढली आणि एकेक नवा बसवला. चष्म्यावर चष्मा लावून. डोळ्यांतून पाणी येई. पॉवर सप्लाय मीटर लावून तपासला, तो बारा व्होल्टच्या जागी दहा देत होता. अशोकनं दुसरा दिला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा एक लांब शिट्टी आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या, पडदा काळाच. शिट्ट्यांचा अर्थ त्यांनी मोबाईलवर शोधला. ग्राफिक्स कार्ड नीट बसलं नव्हतं. त्यांनी त्याच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, पुन्हा बसवलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि मशीन रॅम मोजू लागलं.

नीरजला काही कळू नये याची त्यांनी काळजी घेतली. विचारलंच तर रेडिओ दुरुस्त करतोय म्हणायचं ठरवलं होतं. नीरजनं विचारलं नाही.

जुनी विंडोज घालून झाली, दोन-तीन त्या काळचे गेम घातले, आणि एका मंगळवारी नीरज आंघोळीला गेला असताना विद्याधरांनी सगळं त्याच्या खोलीत टेबलावर मांडलं. तो बाहेर आला तेव्हा मशीन सुरू होत होतं. ती जुनी चालू होण्याची धून खोलीत वाजली.

नीरज टॉवेल खांद्यावर टाकून दारातच उभा राहिला. मग हळूच खुर्चीवर बसला. माऊस धरला. विद्याधर मागे उभे होते, त्यांना त्याच्या मानेचा फक्त मागचा भाग दिसत होता. नीरजनं गेम उघडला नाही. त्यानं हार्ड डिस्क उघडली, एकेक फोल्डर उघडलं आणि बंद केलं. घाईघाईनं. शेवटपर्यंत गेला आणि थांबला.

"माझं फोल्डर नाहीये," तो म्हणाला.

"कुठलं फोल्डर? ही डिस्क दुसरी आहे रे. गरौठ्याहून आणली."

"हो. दुसरीच असणार." तो हसला, आणि ते हसणं विद्याधरांना आवडलं नाही. "बाबा, मी तेव्हा गेम खेळत नव्हतो. खेळायचो थोडा, पण मी एक गेम बनवत होतो. आठ महिने. आपलं स्टेशन होतं त्यात. केबिनमध्ये एक माणूस बसलेला, आणि त्यानं सिग्नल असे द्यायचे की दोन गाड्या एका लाईनीवर यायला नकोत. जेवताना मी तुम्हाला इतकं विचारायचो, आठवतं? कुठला पॉइंट लॉक झाला की कुठला सिग्नल पडतो?"

विद्याधरांना आठवलं. मुलगा रेल्वेत रस घेतोय म्हणून ते ताटावरच बोटांनी लाईनी आणि रूळ बदलायचे पॉइंट काढून दाखवत.

"रिझल्टच्या दिवशी तुम्हाला दाखवणार होतो," नीरज म्हणाला.

"मला काय ठाऊक?" विद्याधरांचा आवाज चढला. चढायला नको होता. "बेचाळीस मार्क होते! तेव्हा तो काढला नसता तर तू बारावीला बसला असतास का? आज जे झालास ते..."

"काय झालो मी?"

विद्याधरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"आणि आताही तेच," नीरज म्हणाला. "तेव्हा न विचारता नेला, आता न विचारता आणला. तुम्हाला वाटतं पार्ट बदलला की मी चालू होईन." त्यानं भिंतीतला प्लग उपटला. पडद्यावरचा उजेड आक्रसून मधोमध एका ठिपक्यात गेला.

त्या दिवसापासून तो जेवायला बाहेर येईना. सिंधूताई ताट दारात ठेवत. गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं त्यांना दोन दिवसांनी दिसलं. विद्याधर दारासमोरून येत-जात, पण दार ढकलायचा धीर होईना. शुक्रवारी सकाळी ते भाजी घेऊन आले तर स्कूटर नव्हती, नीरज नव्हता. फोन वाजत राहिला. अकरा वाजता सिंधूताईंचा एकदाच लागला.

"एरचला आहे, नदीवर," तो म्हणाला. "आई, तू जेवून घे." आणि फोन बंद.

सिंधूताई जागच्या जागी खाली बसल्या. विद्याधर त्यांना उठवायला वाकले तेव्हा त्यांनी त्यांचा हात बाजूला सारला. "तो मामाकडे होता तेव्हाही मी म्हटलं होतं, थांबा, येऊ द्या त्याला. आठवतंय? तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं. आणि मी गप्प बसले." त्या ओरडल्या नाहीत. "जा आता. आणा त्याला."

विद्याधरांना अशोकशिवाय कुणाचं नाव सुचलं नाही. त्याच्याकडे छोटा टेम्पो होता. अशोकनं ऐकलं, दुकान तसंच टाकलं आणि दहा मिनिटांत दारात आला. वाटेत त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, फक्त समोरच्या ट्रकांना हॉर्न देत राहिला. विद्याधर सबंध रस्ताभर फोन लावत होते. बेतवा पुलावरून दिसली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

स्कूटर घाटाच्या वरच्या अंगाला होती. नीरज खाली, पाण्याच्या काठावरच्या खडकावर बसलेला. विद्याधर पायऱ्या उतरले. जवळ गेल्यावर त्यांना दिसलं की त्याची पँट कमरेपर्यंत भिजलेली आहे. बूट पायातच होते.

ते त्याच्याशेजारी बसले.

"उतरलो होतो," नीरज पाण्याकडे बघत म्हणाला. "मग एक बाई कपडे धुवायला आली. म्हणाली, भैया, उधर गहरा है. मग परत आलो."

विद्याधरांनी त्याचं मनगट धरलं. गार होतं. वाटेत ते बरंच काही बोलायचं ठरवत आले होते, सगळी कारणं, प्रीबोर्डची, घरच्या ओढाताणीची, आपल्या वडिलांनी आपल्याला कसं वाढवलं त्याची. त्यातलं काहीच त्यांनी काढलं नाही.

"मी विकला," ते म्हणाले. "तुझा होता. तुला न विचारता विकला. चुकलो."

पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरत होत्या. नीरज म्हणाला, "बाबा, सगळं त्या कॉम्प्युटरमुळे नाही झालं. इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं."

"मग कशामुळे?"

"माहीत नाही."

"बरं," विद्याधर म्हणाले. मनगट त्यांनी सोडलं नाही. "डॉक्टरीणबाईंकडे जायचं? आज?"

नीरजनं मान हलवली. हो म्हणून.

अशोकनं स्कूटर टेम्पोत चढवली. वाटेत मोंठला त्यानं टेम्पो थांबवून नीरजला कोरडी लुंगी विकत घेऊन दिली, आणि झाशीला सिंधूताईंना बरोबर घेऊन तिघांना तसाच थेट ग्वाल्हेरला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दाखल करून घेतलं. गोळ्या बदलल्या. पहिले चार दिवस तो बहुतेक झोपूनच होता. विद्याधर सकाळी ग्वाल्हेरला जात, संध्याकाळी परत येत. रात्री सिंधूताई थांबत. पाचव्या दिवशी झाशीत ते नीरजच्या खोलीत गेले आणि मशीनच्या तारा सोडवू लागले. अशोकला परत देऊन टाकावं, डोळ्यासमोर नको, असं त्यांनी ठरवलं होतं. माऊसची तार गुंडाळता गुंडाळता ते थांबले. तार पुन्हा सोडली, दिवा बंद केला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी नीरज खाटेवर उठून बसला होता. खिडकीशी विद्याधर मोसंबी सोलत होते.

"तुझ्या खोलीत ते मशीन आहे," ते म्हणाले. "त्याचं काय करू? देऊन टाकू, की राहू दे?"

नीरजनं विचार केला. इतका वेळ की नर्स येऊन रक्तदाब घेऊन गेली. विद्याधरांच्या ओठांवर दोनदा उत्तर आलं, दोनदा त्यांनी ते गिळलं.

"आत्ता नाही सांगता येत," नीरज शेवटी म्हणाला. "पण खोलीतून काढा. खोली मोकळी हवी."

"पत्र्याच्या खोलीत ठेवतो."

"चालेल."

त्यांनी मोसंबीची फोड पुढे केली. नीरजनं ती घेतली आणि बिया एकेक काढून हातात जमवत हळूहळू खाल्ली. मग म्हणाला, "उद्या आईला घरी झोपू द्या. तुम्ही थांबा रात्री."