तानुबाईचा टाक

“नाव सांगा,” डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढत पुन्हा विचारले.

बाकावरच्या बाईने पदराआडून गळ्यातला चांदीचा टाक मुठीत घट्ट धरला. “तानुबाई. तानुबाई देवीदास निमकर्डे.”

हिवरखेडचा तो गुरांचा दवाखाना होता. बाहेर खोड्यात उभी केलेली एक गाय पाय आपटत होती. बँकेच्या यंत्रावर तानुबाईची बोटे उमटली नव्हती. चाळीस वर्षे झेंडू तोडून आणि हार ओवून त्यांच्या रेषा झिजल्या होत्या. तेव्हा बँकेने फोटो चिकटवायचा एक फॉर्म दिला आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागितली. गावात असा अधिकारी एकच होता. “आत्याबाई, आता तुमाले बी टोचतीन,” असे म्हणत सून प्रतीक्षा वाटभर हसली होती. त्याच वाटेवर तिने फॉर्मची शेवटची ओळ मोठ्याने वाचली होती: माहिती खोटी आढळल्यास अर्जदार शिक्षेस पात्र राहील. तेव्हापासून तानुबाईचा हात पुन्हापुन्हा गळ्यातल्या टाकाकडे जात होता.

कारण ती तानुबाई नव्हती.

तानुबाई तिची थोरली बहीण. ती बाळंतपणात गेली, बाळही गेले. वर्ष सरल्यावर धाकटी पार्बती त्याच घरी दिली गेली. सासूने मांडवातच मेलेलीच्या नावाने घडवलेला टाक तिच्या गळ्यात बांधला आणि नावही तेच ठेवले. घरची तानू घरीच राहिली पाहिजे, म्हणाली. रेशनकार्डावरचे नाव कोणी कापले नाही. त्यावरून मतदारयादी झाली, यादीवरून आधार निघाले. पहिला थर ओळंब्यात नसला तरी त्यावर विटा बसत गेल्या, आणि भिंत लांबून सरळ दिसत राहिली. टाक कुलदेवीचा आहे, असेच प्रतीक्षाला वाटे. खरे ठाऊक असलेली बहुतेक माणसे एकेक करून गेली. गेल्या साली देवीदासही गेला. आता खाते उघडले, तर विधवेचे अनुदान सुरू होणार होते. नाही उघडले, तर औषधाच्या गोळीसाठीसुद्धा सुनेपुढे हात पसरावा लागणार होता. आणि पकडली गेली, तर रेशनकार्डावरूनही नाव जायचे.

“आधारवर वय सदुसष्ट आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही तेवढ्या दिसत नाही.”

“शेतातली मेथी खाते न त्या, साहेब,” प्रतीक्षा म्हणाली. “मीच त्यायच्यापेक्षा म्हातारी दिसतो.”

डॉक्टर हसले नाहीत. “मी इथे नवीन आहे. ओळखत नसताना सही करणार नाही. गावातले कोणी जुने माणूस आणा. त्यांची सही आधी, माझी नंतर.”

प्रतीक्षाने दाराबाहेर पाहिले आणि हाक मारली, “ओ खुशाल आबाजी! इकडं या बरं जरासे!”

बाईने पदर पुढे ओढला. शेळी घेऊन आलेले खुशालराव म्हणजे दोघी बहिणींच्या लग्नांत जेवलेला गावातला शेवटचा माणूस. त्यांच्या जिभेला लगाम नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

“ह्या बाईंना ओळखता?” डॉक्टरांनी विचारले.

“काहून नाई? इच्या लग्नात पंगतीले मीच वाढलं.”

“कोणत्या सालची गोष्ट?”

खुशालरावांनी फोटो पाहिला, मग तिच्याकडे, मग पदराआडच्या त्या मुठीकडे. गाय पुन्हा पाय आपटू लागली. टाकाची कड तिच्या तळव्यात रुतली होती.

“साल तुमच्या कागदाले इचारा, साहेब,” ते म्हणाले. “मले एवढं ठाऊक हाय, का देवीदासच्या घरी इनं चाळीस वर्सं चूल फुंकली. तो हातरुनाले खिळला, तं त्याचं गू-मूत इनंच काढलं.”

“मी नाव विचारतो आहे.”

“लिवा,” खुशालराव थांबले. “लिवा तानुबाई.”

ती तानुबाई आहे, असे ते म्हणाले नाहीत. हे फक्त तिच्या ध्यानात आले.

खुशालरावांनी सही केली. मग डॉक्टरांची सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर पडली. वर गोल शिक्का बसला. त्याची निळी कड तिच्या फोटोतल्या गालावरून गेली होती.

प्रतीक्षा झेरॉक्स काढायला आधारकार्ड घेऊन समोरच्या दुकानात गेली. खुशालराव शेळीची दोरी सोडवत होते. तिच्याकडे न पाहताच ते हळू आवाजात म्हणाले, “पार्बते, घरी जाय आता. ऊन झालं.”

आई गेल्यानंतर त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. तिचे ओठ हलले. तेवढ्यात रस्त्यापलीकडून सुनेच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला.

तिने ओ दिली नाही. कागदाला घडी पडू नये म्हणून तो दोन्ही हातांत आडवा धरून ती उन्हात उभी राहिली. शिक्क्याची शाई अजून ओली होती.