कडेवरचा पहिला फेरा

सकाळी पाहुणे समुद्रकाठची जुनी देवळं बघून येतात. गाईड त्यांना सांगतो, माया लोक एके दिवशी गूढपणे नाहीसे झाले. दुपारी ते रिसॉर्टवर परततात, तेव्हा त्या नाहीशा झालेल्यांपैकीच मी त्यांच्या खोलीत धुतलेले टॉवेल ठेवत असते.

माझा धाकटा भाऊ तिबुर्सियो तिथेच माया राजा आहे. पिसांचा मुकुट, उघडं पोट, दर शुक्रवारी प्लास्टरच्या पिरॅमिडसमोर आशीर्वाद. हंगाम संपला की राजाला घरी बसवतात, म्हणून त्याला कायमची नोकरी हवी होती. त्यापायी त्याने पोटची पोर पणाला लावली.

आमच्यात मुलगी तीन महिन्यांची झाली की तिला पहिल्यांदा कडेवर घेतात; तोवर आडवीच धरायची. जी कडेवर घेऊन टेबलाभोवती फिरवते ती तिची धर्माची आई, आणि तिचा स्वभाव पोरीत उतरतो. तो मान माझा होता. मला मूल नाही. भावजय नेमेसियाने पोर पोटात असतानाच तसा शब्द दिला होता. तिबूने तो मान परस्पर मॅनेजरच्या बायकोला देऊन टाकला. वर सोहळा रिसॉर्टवर, पाहुण्यांपुढे!

"ताई, तुझा स्वभाव उतरला तर पोरीशी लग्न कोण करेल?"

"आणि त्या बाईचा उतरला तर पोर तुलाच टॉवेल आणायला सांगेल!" मी हसले खरी, पण आतून जळत होते.

शुक्रवारी टेबल मांडलं. उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, सुईदोरा. ढोल वाजले आणि निरोप आला, बाईसाहेबांचं डोकं दुखतंय.

"मग कुणीही घ्या तिला," मॅनेजर म्हणाला. "ती टोपीवाली घेईल. फोटो झकास येईल."

टोपीवाली पाहुणी हात पसरून पुढे आली. राजेसाहेब मुकुट सावरत बाजूला झाले. नेमेसियाने मात्र पोर माझ्या हातात दिली.

"वन्सं, फिरा तुम्ही. यांच्याशी मी घरी भांडते."

मी पोरीला कडेवर घेतलं, टेबलाभोवती फिरवलं, अंड्याचा कण तिच्या ओठांना लावला आणि भर लोकांत रडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. रडणं त्यांना फारच अस्सल वाटलं.

मॅनेजर तर खूश. "तिबुर्सियो, तुझी नोकरी पक्की! फक्त हे दर शुक्रवारी झालं पाहिजे."

"साहेब, हे एका मुलीचं एकदाच होतं."

"मग हीच परत फिरवा. पाहुण्यांना काय कळतंय?"

तिबूने माझ्या कडेवरच्या लेकीकडे पाहिलं.

"मला कळतं ना, साहेब," तो म्हणाला आणि मुकुट काढायला लागला. तो केसांत अडकला होता. शेवटी नेमेसियानेच सोडवून दिला.