शेपटीकडची गर्दी

घाबरल्यावर कुणाची बोबडी वळते, कुणाला दरदरून घाम सुटतो. हिला हसू यायचं. शाळेत गणिताचा पेपर हातात पडला की खुदखुद, दातांच्या डॉक्टरांनी ‘आ कर’ म्हटलं की खुदखुद. घरच्यांनी नावच पाडलं खुदखुदी, आणि आठ महिन्यांपूर्वी ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली तेव्हा नाव तिच्या आधीच तिथे पोचलं. कसं पोचलं? ताईने पोचवलं, दुसरं कोण!

त्या दिवशी त्याच ताईचं अकरा वाजता ऑपरेशन होतं. बाळ पोटात पायाळू बसलेलं, फिरायचं नाव घेईना. तशी काळजी काही नव्हती. पाठीत इंजेक्शन, कमरेखालचं बधिर, आणि ताई टक्क जागी. जागं राहण्यावर मात्र तिचा नऊ महिन्यांचा हट्ट होता. खुदखुदी जन्मली तेव्हा आई भुलीच्या गुंगीत होती, वडील चहा प्यायला गेले होते, आणि दाराबाहेर बसलेल्या सात वर्षांच्या ताईने पहिलं टॅहँ ऐकलं होतं. “तुझा पहिला आवाज मी ऐकला, आईनेसुद्धा नाही,” हे ती गेली सव्वीस वर्षं वाढदिवसाला, भांडणात आणि अधूनमधून उगाचच ऐकवायची. आई त्यावर दरवेळी गप्प बसायची. ती गप्प बसते ते ताईला लागायचं. “माझ्या बाळाचा पहिला आवाज मीच ऐकणार. त्याखेरीज मी त्या टेबलावर चढत नाही,” असं तिने डॉक्टरीणबाईंनाही बजावून ठेवलेलं.

साडेनऊला खुदखुदीने तिचं रक्त काढलं. ताई दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. जांभळ्या बुचाची नळी भरली, आतलं औषध मिसळून रक्त गोठू नये म्हणून आठ-दहा वेळा अलगद खाली-वर केली, आणि लॅबच्या बाईंच्या हातात दिली. सख्ख्या माणसाचा रिपोर्ट आपण काढायचा नाही, हा बाईंचा कायदा. बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख. तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून एक भुवई कायमची वर गेलेली.

बाईंनी नळी मशीनला लावली. हिमोग्लोबिन छान. पांढऱ्या पेशी किंचित जास्त. प्लेटलेट, अठरा हजार.

“किती?” खुदखुदी म्हणाली, आणि खुदकन हसली.

निदान दीड लाख हव्यात. बाईंनी वर फोन केला, आणि भूल देणारे डॉक्टर तिकडून एका दमात बोलले, “मग पाठीत सुई नाही. त्या आकड्यावर आत रक्त साचलं तर पाय जायचे. पूर्ण झोपवून करू. आणि प्लेटलेटच्या पिशव्या मागवा.”

झालं! पाचव्या मिनिटाला भावजी धापा टाकत खाली हजर. भावजी शिंपी. दुकानातून तसेच उठून आलेले, गळ्यात टेप, शर्टाला टाचण्या.

“अठरा हजार म्हणजे कमी कशा गं? अठरा हजार म्हणजे काय थोड्या झाल्या?”

“भावजी, ते रक्ताच्या एवढ्याशा थेंबात. टाचणीच्या डोक्याएवढ्या!” ती हसत होती, डोळे मात्र भरलेले. “हे बघा, लाल पेशी म्हणजे हमाल, अंगभर हवा वाहून नेतात. पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. आणि प्लेटलेट म्हणजे रफूवाले. कुठे भोक पडलं की धावत जाऊन बुजवायचं.”

“आणि तिच्याकडे रफूवालेच नाहीत?” भावजी मटकन स्टुलावर बसले. “पोटाला टाका घातला आणि उसवला तर? आणि तू हसतेस काय?”

“मी हसत नाहीये, मी घाबरलेय!”

“घरच्यांचं रक्त काढताना हात कापतो माणसाचा,” भावजी म्हणाले. “तूच काहीतरी घोळ घातलास. नळीतच गोठलं असणार.”

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. पण तिलाही तेच वाटत होतं. बाईंनी नळीत काडी फिरवून बघितली. गुठळी नव्हती. तरी खुदखुदी धावत वर गेली, ताईच्या दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त काढलं, पुन्हा जांभळी नळी. या वेळी आकडा आला चौदा हजार.

आता मात्र भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात सव्वादहा.

“स्लाइड बघितल्याशिवाय मी एवढ्या कमी आकड्यावर सही करत नाही,” बाई म्हणाल्या. “स्लाइड कर, रंगव, बघायला लाग. सही माझी, डोळे तुझे. मी तेवढ्यात रक्तपेढीशी बोलते.”

काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेने तो झर्रकन पुढे ओढायचा. एकीकडे जाड डोकं, दुसरीकडे विरत गेलेली पातळ शेपटी. झटपट रंगात बुडवून ती सुकवली आणि खुदखुदीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मधोमध बघितलं. लाल पेशी, गुलाबी गोल, सगळ्या देखण्या. मध्येच एखादा पहारेकरी, तीन-चार कप्प्यांचं जांभळं पोट घेऊन. आणि प्लेटलेट? इथे एक. तिथे एक. पुढे तीन ठिकाणी एकही नाही.

म्हणजे मशीन खरंच बोलत होतं. ताई झोपणार. बाळ रडणार आणि ताईला कळणारही नाही, आणि पुढची सव्वीस वर्षं ताईही आईसारखी गप्प बसणार. हा विचार मनात आला मात्र, तिच्या पोटातून हसूच उसळलं. साधंसुधं नाही, खांदे गदागदा हलवणारं. भावजी म्हणाले, “अगं, वेड लागलं का?” त्याने तर आणखीच आलं. स्लाइड सरकवायच्या चकतीवर तिचा हात होता. हसता हसता तो असा काही फिरला की पट्टी सर्रकन पुढे गेली, थेट शेपटीला.

आणि तिथे ही गर्दी!

चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास प्लेटलेट एकमेकींना घट्ट धरून. एक घोळका, शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा. सासरी निघालेल्या बहिणींनी दारात गळामिठी घालावी आणि गाडी सुटेपर्यंत सोडू नये, तशा. खुदखुदीचं हसू एकदम थांबलं. आठ महिने बाई रोज ओरडत होत्या, “आधी शेपटी बघ गं बाई, शेपटी!” शिकायला आलेल्या चार मुलींना हिनेच ते पढवलं होतं. आणि सख्ख्या बहिणीची स्लाइड आल्यावर बघितलं कुठे, तर मधोमध. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“बाई! बाई, शेपटी!”

बाई फोन तसाच टाकून आल्या, एक डोळा लावला, आणि त्यांची वरची भुवई तीस वर्षांत पहिल्यांदा खाली आली.

“जांभळ्या बुचातलं औषध,” त्या म्हणाल्या. “हजारात एखाद्याचं त्याच्याशी जमत नाही. अंगात काही बिघाड नसतो, नळीत गेल्यावर मात्र प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो सगळा घोळका एकच दाणा वाटतो. मोठे बघून काही घोळके पांढऱ्या पेशींतही ढकलले त्याने. म्हणून त्या जास्त.”

“म्हणजे रफूवाले आहेत?” भावजींनी विचारलं.

“आहेत! गप्पा मारत बसलेत!” खुदखुदी म्हणाली.

“उभी काय राहिलीस?” बाईंनी निळ्या बुचाची नळी तिच्या हातात कोंबली. “यात वेगळं औषध आहे. भर आणि पळत आण, रेंगाळू नकोस.”

लिफ्ट अर्थातच तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून बसलेली. खुदखुदी तीन मजले जिन्याने, मागून भावजी, त्यांच्या टाचण्या पायऱ्यांवर टिकटिक पडताहेत. वर भूल देणारे डॉक्टर मनगटावरचं घड्याळ बघत उभे. “अकराला मी सुरू करणार. माझ्यापुढे अजून दोन केसेस आहेत.”

ताई खाटेवर, हिरव्या टोपीत, भिंतीकडे तोंड करून. रडत होती.

“हात दे.”

“पुन्हा? आता रक्त तरी उरलंय का माझ्यात?”

“उरलंय. प्लेटलेटही उरल्यात. जमाव करून बसल्यात नुसत्या! ताई, मी आहे ना?”

ताईने हात दिला. खुदखुदीला हसू आलं नाही, हात कापला नाही. नळी रेघेपर्यंत भरली आणि ती पुन्हा तीन मजले खाली, या वेळी तोंडाने “बाजूला, बाजूला” म्हणत. एका आजोबांनी घाबरून भिंतीला पाठ लावली.

मशीन घरघरलं. कधी नव्हे इतकं निवांत घरघरलं, मेलं. मग आकडा आला.

“एक लाख ब्याण्णव हजार!” खुदखुदी किंचाळली.

“चूक,” बाई म्हणाल्या. भावजींनी कपाळाला हात लावला. “निळ्या नळीत औषध पातळ, त्यात रक्त दहात एक भागाने पातळ होतं. अकराने गुण, दहाने भाग.”

भावजींनी कापडाचा हिशेब करावा तसा बोटांवर केला आणि ओरडले, “दोन लाख अकरा हजार!”

बाईंनी नवी स्लाइड शेपटीपासून डोक्यापर्यंत बघितली. गर्दी पांगलेली, सगळ्या सुट्या सुट्या, मोजून घ्या म्हणाव्यात अशा. मग सही केली. अकराला सहा मिनिटं कमी होती. वर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, स्लाइडबद्दल बाईंना फोनवर विचारलं आणि पाठीच्या सुईची तयारी करायला सांगितली. “पाठीत देतो. नशीबवान आहात.”

“नशीब कसलं,” ताई आतून म्हणाली, “बहीण आहे माझी.”

मग दार बंद. बाहेर बाकावर खुदखुदी आणि भावजी. भावजी टेप गळ्यातून काढत आणि पुन्हा घालत. अकरा वीस. पंचवीस. खुदखुदीच्या पोटात हसू जमायला लागलं, तिने ओठ दाबले. आतून काही ऐकू येईना. मग आलं. आधी शिंक. एवढीशी. आणि पाठोपाठ टॅहँ!

आणि त्याच्यावर चढलेलं हसू. ताईचं. आयुष्यभर हिला ‘दात आवर’ म्हणणारी ताई आत खळखळून हसत होती, थांबायचं नाव नाही. नर्स दार किलकिलं करून म्हणाली, “मुलगी झाली! आणि पेशंटला कुणीतरी आवरा, पोट हलतंय, डॉक्टर टाके घालणार कसे?”

खुदखुदीला हसायचं होतं. तोंड उघडलं तर हुंदका आला, आणि मग हुंदकेच येत राहिले.

तासाभराने ढकलगाडी बाहेर आली. ताईच्या छातीवर गाठोडं, गाठोड्यातून एक लाल मूठ वर. “शिंकली आधी,” ताई म्हणाली. “मीच ऐकलं. सगळ्यात आधी.” मग बहिणीचं तोंड बघून, “तू रडतेस? तू?”

खुदखुदीने तिला मिठी मारली, भावजींनी दोघींना, आणि गाडी दारातच अडली.

“अहो, सोडा आता एकमेकांना,” नर्स म्हणाली. “मला पेशंट वॉर्डात न्यायचीय.”

कुणी सोडेना. तेवढ्यात जिन्यावरून बाई आल्या, हातात ती पहिली स्लाइड, जपून ठेवायला काढलेली. त्यांनी घोळक्याकडे बघितलं आणि भुवई पुन्हा वर गेली.

“राहू दे गं जरा,” त्या नर्सला म्हणाल्या. “मशीनला विचारलंस तर एकच म्हणेल. पण चार आहेत, मी मोजलेत.”