घरातलं माणूस

श्रीरंगला अप्रेझलचं शास्त्र पाठ होतं. वर्षभर तुम्ही काय करता याला फारसं महत्त्व नसतं, शेवटच्या आठवड्यात साहेबांच्या डोळ्यांसमोर काय करता यावर सगळं ठरतं, हे तो पुण्यातून बंगळूरला आल्यापासून दरवर्षी सिद्ध करत आला होता. त्यामुळे मराठी वर्गाच्या ग्रुपवर प्रेमाअक्कांचा निरोप आला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला आणि कामाला लागला.

मारतहळ्ळीच्या त्यांच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मराठीचा वर्ग भरायचा. शिकवायला बनशंकरीहून प्रेमाअक्का यायच्या. त्यांच्या घराण्याला या गावात इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड केव्हा येऊन बसली ते त्यांनाही कळलं नव्हतं. पोरं बोलायची फडाफडा, पण लिहायला बसवलं की 'माझी आई मला आवडते, ती खूप छान आहे' यापुढे गाडी हलत नसे. वेषभूषेचा दिवस दरवर्षी व्हायचा, त्यात भाड्याच्या दुकानातून आणलेल्या पऱ्या, वाघ आणि दोनतीन भोपळे यायचे, घाम गाळून फोटो काढायचे आणि जायचे. यंदा अक्कांनी भाड्याचे कपडे बंद केले. घरातलं एक माणूस निवडायचं, त्याचेच कपडे घालून यायचं, वर्गात तासभर ते माणूस होऊन बसायचं आणि मग 'मी' म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं. पालकांनी मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

श्रीरंगच्या घरात माणसं तीन. स्वानंदीने स्वतःला सोडलं तर उरली दोन, म्हणजे सामना थेट बायकोशी होता. आणि देवश्रीचं पारडं जड होतं. नऊ वर्षांची स्वानंदी शाळेतून आल्यावर जे काही सांगायचं ते आईला सांगायची, बाबाला त्यातलं काय सांगण्यासारखं आहे ते आई ठरवायची. श्रीरंगला हे लागायचं. तो कुणाजवळ बोलला नव्हता, पण लेकीने आपल्यालाही एखाद्या वेळी निवडावं असं त्याला फार वाटायचं.

तेव्हा सोमवारपासून गडी बदलला. सकाळी उठून बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालू लागला, तेही गाणं गुणगुणत आणि एक डोळा स्वानंदीच्या खोलीच्या दाराकडे ठेवून. जेवताना त्याने विनोद सांगितले. मंगळवारी त्याने पोळ्या लाटल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत ही गोष्ट वेगळी. देवश्री सगळं बघत होती. बुधवारी तिने हिंगाचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला आणि लेकीदेखत नवऱ्याला काढून द्यायला सांगितलं, म्हणजे त्याला उंची दाखवायची संधी मिळेल. शनिवारी तर त्याने इस्त्रीचा कुर्ता आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत मिळालेलं पदक स्वानंदीच्या पलंगावर सहज राहिल्यासारखं ठेवून दिलं. शर्यतीतले शेवटचे चार किलोमीटर तो चालला होता, पण पदकावर तसं लिहिलेलं नव्हतं.

रविवारी स्वानंदी देवश्रीबरोबर आधीच क्लबहाउसला गेली. श्रीरंग मागून पोहोचला, तो मागच्या खुर्च्यांवर बसायच्या आधीच त्याला ती दिसली, आणि उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बांधलेलं बाशिंग एकदम कपाळावर चढलं. तिने त्याचा निळा शर्ट घातला होता. ती बाबा झाली होती. मग त्याची नजर खाली गेली. शर्टाखाली त्याची ढिल्या इलॅस्टिकची चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट होती, दोन पिना लावून कशीबशी तगवलेली. पायांत बाथरूमच्या सपाता होत्या. गळ्यात हेडफोन होता. कुर्ता आणि पदक बहुधा पलंगावरच होतं.

प्रेमाअक्कांनी एकेका 'माणसा'ची चौकशी सुरू केली. शार्दूल त्याच्या बाबांची, म्हणजे उपेंद्रची, गाडीची किल्ली बोटावर फिरवत आला होता आणि वर्गातल्या प्रत्येकाला विचारत होता की माझ्या जागेवर गाडी कुणी लावली. शाल्मली तोंडाला हिरवा लेप लावून आई झाली होती आणि लेप वाळल्यामुळे ओठ न हलवता रागवत होती. मागे पालक रुमाल तोंडात धरून बसले होते. श्रीरंग सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण अजून त्याची पाळी यायची होती.

"सरी, बरं, आता स्वानंदीचे बाबा," अक्का म्हणाल्या. "काय म्हणतंय काम?"

स्वानंदीने समोर लॅपटॉप म्हणून उघडून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरून नजर न उचलता एक बोट वर केलं. अक्का थांबल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, लेक कितवीत आहे तुमची? पुन्हा बोट. अक्कांनी विचारलं, घराला आग लागली आहे, येता का? स्वानंदीने त्यांच्याकडे बघून गोड हसून मान डोलावली आणि बोट तसंच वर ठेवलं. ओठांनी, आवाज न करता, ती म्हणाली, एक मिनिट.

क्लबहाउस हसून फुटलं. देवश्रीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. श्रीरंगला हा शुद्ध अन्याय वाटला. आपण असं कधी करतो, आणि केलं तरी समोर परदेशातले लोक ताटकळत असतात, हे सांगायला तो अर्धवट उठला आणि अक्कांचं लक्ष वेधायला त्याने हात वर केला. हाताचं बोट एकच वर होतं. ते बघून लोक दुसऱ्यांदा हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो खाली बसला.

मग मुलं लिहायला बसली. इतर वेळी दोन ओळींत दमणारी पोरं आज कागदावर वाकून लिहीत होती, जणू वर्षभराची तक्रार नोंदवायची खिडकी आजच उघडली होती. वाचायची वेळ आली तेव्हा स्वानंदीने पँट एका हाताने धरली आणि कागद दुसऱ्या हातात घेतला.

"मी श्रीरंग," तिने वाचलं. "मी घरूनच काम करतो, म्हणून मी दिवसभर घरी असतो आणि नसतो. या आठवड्यात मी फार चांगला वागलो. मी झाडांना पाणी घातलं. निवडुंगाला पण रोज घातलं. तो आता कुजला आहे. मी जोक सांगितले आणि कोणी हसतंय का ते बघितलं. मी सगळ्यांना एक मिनिट म्हणतो. माझी खूप मिनिटं साठली आहेत. स्वानंदी मोठी झाली की मी तिला सगळी एकदम देणार आहे. पण तेव्हा तिला ऑफिस असेल. रोज झोपायच्या वेळी मी तिच्या खोलीत येतो आणि तिच्या अंगावर पांघरूण घालतो. तेव्हा ती जागी असते. हे मला माहीत नाही."

एवढं वाचून ती खाली बसली. टाळ्या पडल्या, थोड्या उशिराने. श्रीरंगने टाळ्या वाजवल्या की नाही ते त्याला नंतर आठवेना. शेजारी उपेंद्र बसलेला असल्यामुळे डोळे पुसायला त्याला खोकल्याचं नाटक करावं लागलं. हवं ते सगळं मिळालं होतं. लेकीने त्यालाच निवडलं होतं. आठवडाभर त्याने जे दाखवलं होतं ते तिने पाहिलं होतं, आणि जे दाखवलं नव्हतं तेही.

सुटलो, असं वाटून पालक चपला शोधायला लागले, तेवढ्यात प्रेमाअक्कांनी दार लावून घेतलं.

"कुठे निघालात? स्वल्प बसा. पोरांनी तुम्हाला लिहिलं, आता तुम्ही पोरांना लिहा. 'मी' म्हणूनच. दहा ओळी पुरेत."

कागद वाटले गेले. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटात घेऊन बसली. श्रीरंगचं लिहिणं म्हणजे नावाजलेलं काम होतं, त्याच्या एका मेलवर अख्खी मीटिंग थंड व्हायची. त्याने झोकात सुरुवात केली. मी स्वानंदी. मला पास्ता आवडतो. देवश्रीने वाकून पाहिलं आणि हळूच सांगितलं की पास्ता सोडून तिला दोन वर्षं झाली. त्याने ते खोडलं. माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण शाल्मली. लिहून त्याने वर पाहिलं, तर शाल्मली आणि स्वानंदी हॉलच्या दोन टोकांना एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि त्यांचं केव्हा व कशावरून बिनसलं याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने तेही खोडलं. मला निळा रंग आवडतो, हे त्याने लिहिलंच नाही, कारण निळा त्यालाच आवडायचा. शेजारी उपेंद्रच्या कागदाची दुसरी बाजू भरत आली होती. त्यात शार्दूलला बुद्धिबळ आणि पहाटे उठणं मनापासून आवडत होतं, आणि मागून वाचणारा शार्दूल डोकं धरून उभा होता.

श्रीरंगच्या कागदावर दोनच शब्द उरले होते, त्यातला एक लेकीचं नाव. देवश्रीला विचारलं असतं तर तिने दहाच काय, पन्नास ओळी सांगितल्या असत्या. तिने पेनही पुढे केलं होतं. त्याने मान हलवली, कागद उचलला आणि उठून स्वानंदीच्या बाकापाशी गेला. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायची कशी हे नेमकं त्या वेळी सुचत नव्हतं.

"मला काहीच लिहिता येत नाहीये," तो म्हणाला. "तू सांगशील का?"

स्वानंदीने त्याच्या कागदाकडे पाहिलं. पास्ता वाचून तिने नाक मुरडलं.

"सगळं?"

"सगळं."

ती विचारात पडली. बाहेर झुंबाच्या बायका दार वाजवायला लागल्या होत्या आणि अक्का आतून त्यांना कन्नडमध्ये थांबायला सांगत होत्या. स्वानंदीने अंगातल्या त्याच्या शर्टाच्या लांब बाह्या मागे सारल्या, सरकून त्याला बाकावर जागा दिली आणि आई ऐकत नाही ना, ते मान वळवून पाहून घेतलं.

"लिही," ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "पण हे पहिलं आईला पण माहीत नाहीये."